रिपोर्टची वाट पाहू नका, पहिला डोस त्याच दिवशी द्या

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नागपुरात देहविक्री करणाऱ्या महिलांसाठीच्या एका प्रकल्पात तुम्ही चार महिन्यांपूर्वी समुपदेशक म्हणून लागलात. शिबिरात साठेक जणींचं रक्त कावीळ 'बी'साठी, म्हणजे हिपॅटायटिस बीसाठी, घेतलं. रिपोर्ट निगेटिव्ह येतील त्यांनाच लस द्यायची असं ठरलं. दहा दिवसांनी रिपोर्ट आले, पण लस घ्यायला निम्म्याही आल्या नाहीत. आल्या त्यांतल्याही बऱ्याच दुसऱ्या डोसला दिसल्या नाहीत, आणि आता तुमचे वरिष्ठ म्हणताहेत की डोस चुकलेल्यांचं पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. शिवाय एक पंचविशीची मुलगी पॉझिटिव्ह निघाली. ती पाच महिन्यांची गरोदर आहे आणि घरवालीने, म्हणजे कोठा चालवणाऱ्या बाईने, तिचं ताट-पेला वेगळा केला आहे. शेवटी तुम्ही लिहिलंय, "या बायकांना स्वतःच्या जिवाची पर्वाच नाही का?"

पर्वा आहे. मी डॉक्टर आहे आणि गेली सतरा वर्षं आठवड्यातले दोन दिवस नागपुरात अशाच एका दवाखान्यात बसते. मूल तापलं तर रात्री अडीचला ऑटो करून मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, नेणारी बाई जिवाबद्दल बेफिकीर नसते. गडबड वेळापत्रकात आहे. आज पहिला डोस, एका महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा या हिशेबामागे असं धरलेलं असतं की माणूस सहा महिने एकाच पत्त्यावर राहील, दिवसा मोकळा असेल आणि घरी कार्ड जपून ठेवेल. आपल्याकडच्या बायकांचं यातलं काहीही खरं नसतं. वस्तीतली बाई चार महिन्यांनी रायपूरला असते, नाहीतर गावी आईकडे. कामठी-हिंगण्याकडून येणारी, घरच्यांना पत्ता नसलेली बाई तर दवाखान्यात यायलाच बाजाराच्या पिशवीचं निमित्त काढते. म्हणून मी स्वतःसाठी एक नियम केला आहे: समोर बसली आहे तिला आज जे देता येईल ते आजच द्यायचं. खालचं सगळं त्याच नियमातून निघतं.

आधी तपासणी की आधी लस, हा तुमचा पहिला प्रश्न. दोन्ही एकाच बैठकीत. क्रम एवढाच पाळा की रक्त आधी घ्यायचं आणि सुई नंतर. लशीत विषाणूच्या पृष्ठभागावरचंच प्रथिन असतं, त्यामुळे लस दिल्यावर 18 दिवसांपर्यंत एचबीएसएजी तपासणी, जी रक्तात हेच प्रथिन शोधते, उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते. रक्ताची नळी भरली की त्याच खुर्चीवर दंडात पहिला डोस. दहा दिवसांनी ती पॉझिटिव्ह निघाली तर लशीने तिचं काही बिघडत नाही, फक्त उपयोग होत नाही. पूर्वी संसर्ग होऊन आपोआप बरी झालेली असेल तरीही बिघडत नाही. म्हणजे या मार्गात तोटा झालाच तर एका डोसच्या किमतीचा. रिपोर्टची वाट पाहण्यात अख्खी बाई हातची जाते. तुमच्या शिबिरात नेमकं हेच झालं.

"एका डोसने काय होणार?" असं वरिष्ठ विचारतील. चाळिशीच्या आतल्या निरोगी प्रौढांत पहिल्या डोसनंतर साधारण 30 ते 55 टक्के लोकांत पुरेशी प्रतिकारशक्ती येते, दुसऱ्यानंतर सुमारे 75 टक्के, तिसऱ्यानंतर 90 टक्क्यांच्या वर. तिसरा डोस महत्त्वाचा आहेच, कारण संरक्षण वर्षानुवर्षं टिकतं ते त्याच्यामुळे. पण दोन डोस घेऊन गेलेली बाई आणि एकही न घेतलेली बाई यांच्यात मोठा फरक आहे. म्हणून पहिले दोन डोस ती शहरात असेपर्यंत बसवून टाकणं ही माझी पहिली धडपड असते.

आता पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्याबद्दल. हे करू नका. नऊ महिन्यांनी आली, दोन वर्षांनी आली, तरी राहिलेला डोस पुढचा म्हणून द्यायचा. शरीर आधीचे डोस विसरत नाही. पाळायचं ते कमीत कमी अंतर: पहिल्या-दुसऱ्यात 4 आठवडे, दुसऱ्या-तिसऱ्यात 8 आठवडे, पहिल्या-तिसऱ्यात 16 आठवडे. जास्तीत जास्त अंतराला मर्यादा नाही.

हे मला फार उशिरा उमजलं. सुरुवातीच्या वर्षांत मीसुद्धा खंड पडला की नवा कागद काढायचे. एक बाई होती, चाळिशीकडे झुकलेली, वर्षातले सहा महिने नागपुरात आणि सहा गावी. तिला मी चार वर्षांत तीन वेळा "पहिला डोस" दिला. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "मॅडम, मेरा दूसरा कब आएगा?" त्या दिवशी रजिस्टर उघडून बसले आणि लक्षात आलं की आधीचे डोस मोजले तर त्याच दिवशी तिचे तिन्ही पूर्ण झाले होते. माझ्या अडाणीपणामुळे ती कागदावर तेवढी वर्षं पहिल्याच डोसवर अडकून राहिली. वरिष्ठांशी बोलताना ही गोष्ट माझ्या नावावर सांगितली तरी चालेल.

पटकन फिरणाऱ्या बायकांसाठी दुसरी वेळापत्रकंही आहेत. एक शून्य, एक, दोन महिने आणि मग 12 महिन्यांनी चौथा. दुसरं आणखी घाईचं: पहिला दिवस, सातवा, एकविसावा आणि 12 महिन्यांनी चौथा. तीन आठवड्यांत तीन सुया होतात हा त्याचा मोठा गुण. पण चौथ्याशिवाय ते पूर्ण होत नाही आणि डोस एक जास्त लागतो, त्यामुळे ते तुमच्याकडे चालेल का हे लशीच्या साठ्यावर आणि तुमच्या प्रकल्पाच्या डॉक्टरांवर अवलंबून आहे. मी ते सरसकट वापरत नाही. महिन्याभरात नक्की जाणार असं जिचं ठरलं आहे आणि जिचं गिऱ्हाईक कंडोमला नाही म्हणतं, तिच्यासाठी ठेवते. बाकीच्यांना नेहमीचं वेळापत्रक, फक्त मनात ही तयारी ठेवून की सहावा महिना नववाही होऊ शकतो.

शिबिराच्या तारखेचाही विचार करा. आपल्याकडे बरीच शिबिरं 1 डिसेंबरला, जागतिक एड्स दिनाला होतात. तिथून सहा महिने मोजले की तिसरा डोस येतो 1 जूनला. नागपुरात त्या वेळी अजून ऊन भाजत असतं, पोरांच्या शाळांना सुट्टी असते, लग्नसराईला गावी गेलेल्या बायका परतलेल्या नसतात. मी पहिला डोस 28 जुलैच्या सुमाराला ठेवते. तो जागतिक हिपॅटायटिस दिन आहे. हा विषाणू शोधणाऱ्या बरूच ब्लुमबर्ग यांचा जन्मदिवस. पण माझं खरं कारण असं की तिसरा डोस जानेवारीच्या शेवटी येतो, थंडी असते, दिवाळी होऊन गेलेली असते आणि वस्ती भरलेली असते. दुसरा डोस पोळ्याच्या आसपास पडतो, तो चार दिवस मागे-पुढे सरकवला की झालं.

उन्हाचा विषय निघालाच आहे तर लशीच्या पेटीबद्दल. नागपूरच्या 45 अंशांत सगळ्यांना लस तापण्याची धास्ती असते, म्हणून कार्यकर्ते फ्रीझरमधले दगडासारखे आईस पॅक थेट पेटीत ठोसतात आणि बाटली त्यांना चिकटवून ठेवतात. हिपॅटायटिस बीची लस गोठली की निकामी होते. तिला 2 ते 8 अंश हवेत. थोडी उष्णता ती सहन करते, गोठणं अजिबात नाही. आईस पॅक बाहेर काढून ठेवा, हलवल्यावर आत पाणी खळखळलं की मगच पेटीत घाला, आणि बाटलीभोवती पुठ्ठा ठेवा. गोठल्याचा संशय आला तर ती बाटली वापरू नका. तुमच्या बायका तीन डोस घेऊनही असुरक्षित राहिल्या तर ते कळायलासुद्धा मार्ग नसतो, म्हणून हे एवढं लांबवून लिहिते आहे.

सुई दंडातच. बायका कमरेत मागतात, कारण दंडावर बोट फिरवून कुणी विचारलं तर काय सांगायचं. पण कमरेतल्या चरबीत ही लस नीट लागू पडत नाही. दंडात का, हे दोन वाक्यांत सांगितलं की ऐकतात. प्रौढांचा डोस 20 मायक्रोग्रॅम, म्हणजे बहुतेक बाटल्यांत 1 मिली. एचआयव्ही असलेल्या बाईला मात्र साधा डोस पुष्कळदा अपुरा पडतो. तिच्यासाठी दुप्पट डोस लागू शकतो, आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस, म्हणजे रक्तातली या विषाणूविरुद्धची प्रतिकारशक्ती, तपासून आकडा 10 च्या वर गेला का ते बघायचं. बाकी निरोगी बायकांत ही तपासणी मी सगळ्यांची करत नाही. त्या पैशांत आणखी कुणाचे तरी डोस होतात. तिन्ही पूर्ण झाल्यावर निरोगी माणसाला पुढे बूस्टर लागत नाही.

आता तुम्ही न विचारलेली एक गोष्ट, जी तुम्हाला रोज विचारली जाईल: "मला लहानपणी टोचलं असेल ना?" बहुतेकींना नाही. सरकारी लसीकरणात ही लस 2002-03 मध्ये काही निवडक शहरांत आणि जिल्ह्यांत सुरू झाली आणि देशभर पोचली ती 2011 मध्ये. आज धंद्यात असलेल्या जवळजवळ सगळ्या बायका त्याआधीच्या जन्माच्या आहेत. म्हणजे ज्या वयोगटाला धोका सर्वांत जास्त, नेमका तोच बिनलशीचा राहिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2022 मध्ये भारतात सुमारे 3 कोटी लोक या विषाणूसह जगत होते. बहुतेकांना ते माहीत नसतं, कारण वर्षानुवर्षं काहीच दुखत नाही. गिऱ्हाईकही "मी तब्येतीने ठणठणीत" म्हणतं, आणि खोटं बोलत नसतं.

कंडोमवर विसंबून लस टाळू नका. कंडोमने धोका खूप कमी होतो, यात वाद नाही. पण हा विषाणू एचआयव्हीच्या 50 ते 100 पट सहज पसरतो, वाळलेल्या रक्तात सात दिवससुद्धा जिवंत राहतो, आणि प्रत्येक वस्तीत दोन जागा अशा असतात जिथे कंडोम पोचत नाही. एक म्हणजे तिचा कायमचा माणूस, ज्याला ती "माझा आदमी" म्हणते. गिऱ्हाइकाबरोबर न चुकता वापरणारी बाई त्याच्याबरोबर वापरत नाही, कारण तिथे कंडोम म्हणजे अविश्वास. त्यालाही बोलवा, तपासा, लस द्या. दुसरी जागा सामायिक रेझरची. एका खोलीत चारजणी राहतात, एकच ब्लेड अंगावरचे केस काढायला फिरतं, आणि याबद्दल समुपदेशनात कुणी अवाक्षर काढत नाही. मी पहिल्याच भेटीत विचारते. गल्लीतल्या ज्या दवाखान्यात अशक्तपणाला सुई आणि सलाईन लावतात, तिथलं पॅकेट समोर फोडायला सांगायचं, हेही शिकवा. जत्रेतलं गोंदण आणि नाक टोचणं आलंच.

काविळीची एक गैरसमजूत विदर्भात फार खोल आहे. डोळे पिवळे झाले की बायका कावीळ उतरवणाऱ्याकडे जातात. गळ्यात माळ घालतात, ती दिवसागणिक लांब होते. चुन्याच्या पाण्याने हात धुतले की पाणी पिवळं होतं. महिन्याभरात बाई बरी होते आणि श्रेय माळेला जातं. प्रौढ माणसाला हिपॅटायटिस बी नव्याने झाला तर शंभरातले पंच्याण्णव जण आपल्या आपण विषाणूला हरवतात, माळ घातली काय न घातली काय. उरलेल्या पाचांत तो कायमचा मुक्काम करतो, आणि त्यांच्यातल्या काहींना वीस-तीस वर्षांनी लिव्हर आकसण्याचा आजार नाहीतर कर्करोग गाठतो. मी माळेशी भांडत नाही. "माळ राहू दे, पण सहा महिन्यांनी रक्त द्यायला ये," एवढंच सांगते. भांडले असते तर ती पुन्हा आलीच नसती. मुळ्या-पाल्याचं औषध आणि दारू मात्र बंद करायला लावते, कारण सुजलेल्या लिव्हरवर तो दुहेरी मार असतो.

नोंदींचं काय करायचं ते थोडक्यात सांगते. घरून येणाऱ्या बायकांना प्रकल्पाच्या नावाचं कार्ड देऊ नका. ते नवऱ्याला किंवा सासूला सापडलं तर तिचं आयुष्य विस्कटतं. आमचं कार्ड साधं पांढरं आहे, त्यावर "कावीळ लस" आणि तीन तारखा. कुणी विचारलं तर कावीळ कुणालाही होते. मुख्य नोंद आपल्याकडे, कोड नंबरवर, आणि प्रत्येकीकडून एका विश्वासाच्या माणसाचा फोन घ्यायचा, तिला विचारून. 2021 च्या ऑगस्टमध्ये गंगा-जमुना या नागपुरातल्या देहविक्रीच्या वस्तीच्या वाटा बंद झाल्या, बायका भाड्याच्या खोल्यांत आणि दुसऱ्या शहरांत पांगल्या, तेव्हा आमच्या यादीतले पत्ते एका आठवड्यात निरुपयोगी झाले. ज्यांच्या बहिणीचा किंवा मैत्रिणीचा नंबर होता त्याच पुन्हा सापडल्या. दुसऱ्या शहरात गेलेल्या बाईला तिच्या तारखा फोनवर सांगा. तिथल्या प्रकल्पात ती पुढचा डोस घेऊ शकते. आणि आठवण करून द्यायचं काम पिअर दीदीकडे, म्हणजे त्यांच्यातल्याच कार्यकर्तीकडे द्या, आपल्याकडे नको. आपला फोन म्हणजे "ऑफिसातून आला." दीदी जिना चढून वर जाते आणि हात धरून आणते.

लस कुठून मिळवायची, हे तुमच्या जिल्ह्यातल्या साठ्यावर अवलंबून असेल. राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम 2018 पासून सुरू आहे. त्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत, आणि जास्त धोका असलेल्या गटांचं लसीकरण हा त्याच्या प्रतिबंधाचाच भाग आहे. प्रकल्प व्यवस्थापकांनी जिल्हा पातळीवर बायकांची संख्या आणि तिन्ही डोसांच्या तारखा देऊन लेखी मागणी करावी. "लस द्या" अशा तोंडी विनंतीला कुणी हातात बाटली देत नाही. आधारकार्डाअभावी कुणी अडलं, तर मे 2022 चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश माहीत असू द्या. राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्प संचालकांच्या प्रमाणपत्रावर सेक्स वर्कर महिलेला आधार मिळू शकतं, आणि कार्डावर तिच्या कामाचा मागमूस राहता कामा नये असंही त्यात आहे.

आता त्या मुलीकडे येते. तुमचं पत्र वाचून सगळ्यात आधी तीच डोळ्यासमोर आली होती, पण तिच्याबद्दल सावकाश लिहायचं होतं.

पहिलं काम ताटाचं. आजच घरवालीकडे जा, मुलीला बाजूला ठेवून नव्हे, तिच्या परवानगीने. घरवालीला दरडावू नका. तिची भीती खरी असते: आजार पसरेल, गिऱ्हाईक तुटेल. मी अशा वेळी तिथे चहा मागते आणि सगळ्यांबरोबर त्याच कपांतून पिते. मग सांगते, हा आजार ताटातून, पेल्यातून, खोकल्यातून, मिठीतून, एका अंथरुणावर झोपण्यातून येत नाही. रक्तातून आणि संबंधातून येतो. वेगळं ठेवायचं ते ब्लेड, टूथब्रश, नेलकटर आणि पाळीची कापडं. ताट नाही. आणि लगेच पुढचं वाक्य: "तुम्हालाही टोचते, आणि स्वैपाकवालीला, आणि पोरांना." घरातल्या सगळ्यांना लस मिळाली की भीतीचं कारणच उरत नाही. माझ्या अनुभवात घरवालीच्या दंडात सुई गेली की त्या घरातला दुसरा-तिसरा डोस कधी चुकत नाही, ती स्वतः सगळ्यांना खाली पाठवते. त्या मुलीचं नाव न घेता आधीच सगळ्यांना लस दिली असती तर ताट वेगळं झालंच नसतं. रिपोर्ट घरवालीपर्यंत कसा पोचला, हेही शांतपणे शोधा. तो फक्त त्या मुलीचा होता.

तिला काय सांगायचं? "पॉझिटिव्ह" हा शब्द ऐकल्यावर आपल्याकडच्या बाईला एकच आजार आठवतो. म्हणून मी पहिलं वाक्य हेच बोलते: "हा एचआयव्ही नाही." मग: एका तपासणीवरून हा आजार नवा आहे की जुना ते कळत नाही. सहा महिन्यांनीही एचबीएसएजी राहिला तर जुना म्हणायचं. जुना निघाला तरी कित्येकींना लगेच औषध लागत नाही, नियमित तपासणी लागते. औषध लागलं तर टेनोफोविरची गोळी असते, कार्यक्रमात मोफत. ती मनाने बंद करायची नाही, कारण अचानक थांबवल्यावर आजार उसळू शकतो. एचआयव्हीच्या गोळ्या घेणाऱ्या काही बायकांनाही कावीळ बी असते, आणि त्यांच्या गोळीत टेनोफोविर असतंच. त्यांनी गोळ्या सोडल्या तर लिव्हरही धोक्यात येतं, हे त्यांना मुद्दाम सांगायला हवं.

आणि बाळ. इथे आपण खरंच काही वाचवू शकतो. प्रौढाला हा विषाणू झाला तर पाच टक्क्यांच्या आसपास लोकांत टिकतो, पण जन्मताना आईकडून बाळाला गेला तर दहातल्या नऊ बाळांत कायमचा राहतो. त्याच वेळी, हे जवळजवळ पूर्ण टाळता येतं. तिला या आठवड्यात मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांपैकी एकाच्या ओपीडीत स्वतः घेऊन जा. चिठ्ठी देऊन एकटी पाठवू नका. तिथे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, लिव्हरच्या तपासण्या, सोनोग्राफी, आणि एचआयव्ही-सिफिलिसची तपासणी झाली नसेल तर तीही. विषाणूचं प्रमाण मिलिलिटरमागे 2 लाख युनिटच्या वर असेल तर साधारण 28 व्या आठवड्यापासून टेनोफोविर सुरू करतात. ते ठरवणं तिथल्या डॉक्टरांचं काम, तिला वेळेत त्यांच्यासमोर बसवणं तुमचं.

प्रसूती दवाखान्यातच. या आजारासाठी सिझेरियन लागत नाही. बाळाला 24 तासांच्या आत लशीचा पहिला डोस, आणि त्याच्या दुसऱ्या मांडीत हिपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे विषाणूविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांची सुई, शक्यतो पहिल्या 12 तासांत. इम्युनोग्लोब्युलिन प्रत्येक ठिकाणी फ्रीजमध्ये असतंच असं नाही, म्हणून आठव्या महिन्यात जाऊन आधी विचारून ठेवा. पुढचे डोस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या नेहमीच्या पेंटाव्हॅलंटमधून, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्रित लशीतून, मिळतात. अंगावरचं दूध पाजायचं, न घाबरता. तिला कुणीतरी नक्की सांगेल की दूध विषारी झालं आहे, म्हणून ते आधी तुम्ही सांगा, आणि घरवालीसमोर सांगा. बाळाची तपासणी नऊ ते बारा महिन्यांच्या दरम्यान. त्याआधी केली तर गोंधळ होतो.

एक धोका उरतो. पहिलटकरीण असेल तर सातव्या-आठव्या महिन्यात ती आईकडे जायचं म्हणेल, आणि जाणं हा तिचा हक्क आहे. तेव्हा तिच्याकडे एका कागदावर मोठ्या अक्षरांत, तिच्या गावच्या भाषेत, एवढंच लिहून द्या: आई एचबीएसएजी पॉझिटिव्ह, बाळाला जन्मल्यापासून 24 तासांत लस आणि इम्युनोग्लोब्युलिन. कामाचं नाव नको, प्रकल्पाचं नाव नको. त्याचा फोटो तिच्या मोबाईलमध्ये आणि तिच्या आईच्याही, तिची हरकत नसेल तर. मी एका मुलीला असा कागद ब्लाउजच्या अस्तरात शिवून दिला होता, कारण तिची पिशवी प्रवासात नेहमी हरवायची. दीड वर्षाने ती बाळ घेऊन आली, बाळाचा रिपोर्ट निगेटिव्ह होता, आणि कागद अजून तिथेच होता.

तिचे 28 आठवडे कधी भरतात ते आज मोजा. तुमच्या म्हणण्याप्रमाणे पाच महिने झाले असतील तर हातात जेमतेम दीड-दोन महिने आहेत, आणि विषाणूच्या प्रमाणाचा रिपोर्ट यायलाही वेळ लागतो. सोमवारच्या ओपीडीला जा. रिपोर्ट आल्यावर आकडा आणि तारीख मला कळवा, तिचं नाव नको.